गुलाबी टाइल्सची खोली

सुगत मिस्तरीनं सब्बल घालून बाजूच्या खोलीची पहिली फरशी उचकटली, तेव्हा खालून आधी वास वर आला आणि मग झुरळं.

रागिणीनं पदर नाकाला लावला. वास ओल्या तरटाचा होता, उंदरांच्या मुताचा होता, ऊन कधी न पाहिलेल्या चुन्याचा होता. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गंजका वास होता, जो तिला चौदा वर्षांपासून पाठ होता. झुरळं वरातीला निघाल्यासारखी रांगेनं बाहेर पडली आणि भिंतीच्या पोपड्यांत शिरली.

"मॅडम, मांगं सरा," सुगत म्हणाला. "कोपऱ्यातली गोधडी अजून उचलाची आहे."

त्यानं फावड्याच्या टोकानं गोधडी ओढली. ती उचलली गेलीच नाही, मधोमध फाटली. तिच्या पोटात चिंध्यांचं घरटं होतं आणि घरट्यात उंदराची सात-आठ पिल्लं. केस न फुटलेली, डोळे न उघडलेली, बोटाच्या पेराएवढी, गुलाबी. एकमेकांत शिरून वळवळत होती, आणि कातड्यातून आतलं निळसर काहीतरी दिसत होतं.

रागिणी एक पाऊल मागं सरली. ही गोधडी तिची होती. म्हणजे तिला दिलेली होती. पोळ्याच्या सुट्टीत ती तीन दिवस याच गोधडीवर निजली होती.

तिवस्यातलं हे तिचं सासर. नागपूर रोडपासून दोन गल्ल्या आत, ट्रकचा आवाज येईल पण धूळ येणार नाही इतकं आत. सासरे नत्थुजी यांनी कापसानं हात दिला त्या साली बांधलेलं चार खोल्यांचं घर. टिनाच्या जागी उन्हाळ्यात स्लॅब पडला होता आणि आता दिवाळीच्या सुट्ट्यांत खालचं काम काढलं होतं. ओटा, फरशा, मोरी, रंग. रागिणी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. नवरा गजेंद्र पाटबंधारे खात्यात. लेक प्रणाली सातवीत. शाळेला सुट्टी लागली तशी तिघं बॅगा भरून इकडं आली होती.

घराच्या खोल्या चार. पाचवी घराला चिकटून होती, पण घराची नव्हती. तिचं दार मागल्या अंगणात, संडासाच्या शेजारी, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काटक्यांच्या, ढिगासमोर. घरातल्या बाईची पाळी आली की तिनं चार दिवस तिथं बसायचं. पाळी हा शब्द या घरात कोणी उच्चारत नसे. "ते बाजूची आहे," एवढंच म्हणत, आणि ऐकणारा मान हलवून दुसरं बोलायला लागे.

रागिणीचं माहेर अकोल्याचं, मोर्णेपलीकडलं जुने शहर. दोन खोल्या आणि सात माणसं. तिथं विटाळ पाळायला जागाच नव्हती, म्हणून तो कोणी पाळला नाही. तिची आई त्या दिवसांतही त्याच हातानं भाकरी थापायची, त्याच हातानं देवापुढं उदबत्ती लावायची, आणि देवही काही बोलत नसे. त्यालाही दुसरीकडं जायला खोली नव्हती. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात रागिणी इथं पहिल्यांदा बाजूची झाली. सासूनं, मैनाबाईनं, जर्मनची, हलक्या ॲल्युमिनियमची, पोचे पडलेली ताटली पायानं पुढं सरकवली. पाणी मागितलं तर हाताची ओंजळ करायला सांगितली आणि तांब्या खांद्याएवढा उंच धरून वरून धार सोडली. धार ओंजळीत कमी आणि कोपरावरून जास्त वाहिली. नवी साडी भिजली. ती हसली होती तेव्हा, लाजून. त्या हसण्याची तिला आज किळस येत होती.

कारण पुढं ती दरवेळी हसली नाही, पण बसली दरवेळी. तिकडं वर्गात फळ्यावर आकृती काढून पोरापोरींना सांगायची, यात अशुद्ध काही नसतं रे बाबांनो; आणि सुट्टीत इकडं येऊन तरटावर बसायची. फाटलेल्या गोधडीकडं पाहताना तिच्या मनात आलं, ही पिल्लं आपल्याच उबेला जन्मली असतील.

पण आता ही खोली पडत होती. त्या आनंदानंच ती नाक दाबून उभी होती.

सुगतनं घामाचा हात पँटला पुसला. "मॅडम, दार कोठी ठेवाचं? साहेब म्हनाले, होतं तिथंच."

"कसलं दार?"

"या खोलीचं. मोठी करून राहिलो ना." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "इथं स्टोअर रूम लिवलं आहे. पन स्टोअरले मांगच्या अंगनातून दार, अन् आत संडास-बाथरूम, असं मी पयल्यांदाच करून राहिलो." तो हसला नाही. हातातल्या लेव्हलच्या नळीतल्या पाण्याकडं पाहत राहिला.

गजेंद्र समोरच्या खोलीत रंगाच्या पट्ट्या पाहत होता.

"बाजूची खोली परत बांधून राहिले का तुम्ही?"

"परत नाही वो, सुधारून." त्याची नजर पट्टीवरून उठली नाही. "तूच म्हनत होती ना, तिथं जीव घुसमटते म्हनून. आता पाह्य. अटॅच बाथरूम, पंखा, मोबाइल लावाले बोर्ड. आईनं सोता सांगतलं, सुनेले तरास नको."

"मी म्हटलं होतं, मी तिथं बसणार नाही."

"थेच तं केलं."

"ते तेच नाही."

"रागिणी." आता त्यानं पट्टी खाली ठेवली. "आईचं वय पाह्य. तिच्यासमोर काहून वाद? महिन्यातून चार दिवस, थेही तू इकडं असशीन तेव्हाच. पंख्याखाली आराम कर, पुस्तक वाच. आमच्या ऑफिसातल्या बाया चार दिवसाच्या आरामासाठी तरसतात." मग तो उठून कोपऱ्यातल्या खोक्यातून एक टाइल घेऊन आला, नव्या शर्टासारखी छातीपुढं धरून. "हे मी पसंत केली. खास तुमच्यासाठी. अन् आपल्या प्रणालीचंही आज ना उद्या होईनच. तिले आवडन असा कलर पाह्यला."

टाइल गुलाबी होती. बेबी पिंक म्हणतात तसली. वर पुसट फुलं. रागिणीला फुलं दिसलीच नाहीत. केस न फुटलेलं कातडं दिसलं, आतलं निळसर दिसणारं. तिनं पदर पुन्हा तोंडाला लावला आणि बाहेर आली.

प्रणालीचं. आज ना उद्या.

अंगणात मैनाबाई चहा वाटत होती. गुडघ्यांनी तिला कधीचीच खुर्ची दाखवली होती. खुर्चीतूनच ती सगळं घर चालवायची. घरच्यांना स्टीलच्या कपात चहा. सुगतला आणि त्याच्याबरोबरच्या गड्याला कागदाचे कप, नव्या पाकिटातून काढलेले.

"धुवाची कटकट नाही," मैनाबाई म्हणाली, कोणी काही विचारलं नसताना.

सुगत चहा घेऊन पऱ्हाटीच्या ढिगापाशी उकिडवा बसला. रागिणी जवळून जाताना तो हळूच म्हणाला, "माह्या बापाले तुमच्या इथं कान तुटलेला कप होता, मॅडम. मांगच्या कोनाड्यात पालथा राहे. मले कागदाचा आहे. सुधारना झाली." चहा संपल्यावर त्यानं कप चुरगाळला, इकडंतिकडं पाहिलं, आणि फेकला नाही, खिशात घातला.

काम भराभर झालं. विटा चढल्या, प्लास्टर झालं, टाइल्स बसल्या. मैनाबाई खुर्ची अंगणात ओढून घेई आणि देखरेख करता करता गुणगुणत राही. तिचा आवाज अजून गोड होता. जात्याच्या काळातला आवाज, घरघरीच्या वर चढायची सवय असलेला.

"नवं माझं घर बाई, भिंतीले देते गेरू
सुनेच्या हातानं वो दिव्याले तेल भरू."

रागिणी ओट्यापाशी बेसन चाळत ते ऐकायची आणि चाळणीचा हात थांबायचा. इतका मऊ आवाज, आणि त्यातल्या याच सुनेचा हात दिव्याला चार दिवस चालत नाही. साखरेच्या पाकात पडलेली माशी दिसावी, तसं तिला होई. पाक गोडच असतो. खाववत नाही.

आणि प्रणाली! प्रणाली त्या खोलीवर जीव टाकून बसली होती. अमरावतीच्या फ्लॅटमध्ये ती आईबापांच्या खोलीतच झोपायची. इथं रोज टाइल्स वाढताना पाहून तिनं स्वतःच ठरवून टाकलं.

"आई, ही माझी रूम ना? आजी म्हणाली, तुझ्यासाठीच केली म्हणून!"

रागिणीनं हात पदराला पुसले. सांगायचं कसं, आणि सांगायचं कोणत्या तोंडानं? आपण चौदा वर्षं बसलो हे आधी सांगावं लागलं असतं. "पाहू," ती म्हणाली. पोरगी पळत दुकानात गेली, अंधारात चमकणाऱ्या चांदण्यांचं पाकीट घेऊन आली, आणि स्टुलावर चढून गुलाबी भिंतीवर एकेक चांदणी चिकटवायला लागली. मैनाबाई खुर्चीतून कौतुकानं पाहत होती.

"अजून वरती लाव माय. निजलं का दिसल्या पायजे."

धनतेरसच्या पहाटे रागिणी बाजूची झाली.

तशी होऊ नये याची तजवीज घरानं दरवर्षी केलेली असे. महालक्ष्म्या असोत, दिवाळी असो, मैनाबाई आठ दिवस आधी गजेंद्रला मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणायला लावायची, आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी उशाशी आणून ठेवायचा, बोलायचा नाही. यंदा डॉक्टरीणबाईंनी रागिणीला बजावलं होतं, पायाला सूज येते, डोकं दुखतं, ह्या गोळ्या आता बंद. रागिणीनं पट्टीतली एकेक गोळी जुन्या मोरीत दाबून टाकली होती. घरात कोणाला सांगितलं नाही.

आता सांगायला हवं होतं. पण जुनी खोली पडलेली, नवीची पूजा अजून व्हायची, आणि मैनाबाईनं पहाटेच हाक दिली, "रागिणी, कढई ठेव वो!" कसलं बंड वगैरे तिच्या मनात नव्हतं. तिनं नुसती कढई ठेवली. मग चिवडा झाला, शेव झाली, दुसऱ्या दिवशी करंज्या, रव्याचे लाडू, अनारसे. मैनाबाई खुर्चीतून मीठ सांगायची, पाक सांगायची. हात सारे रागिणीचे. अनारशाचं पीठ तिनं खसखशीवर थापलं. कढईत अनारसा जाळीदार फुलला. तो इतर वर्षी फुलायचा तसाच फुलला.

मनात मात्र भीती होती, आणि त्या भीतीची चिळस. चाळीस वर्षांची बाई, दहावीच्या वर्गाला शिकवणारी, आणि न्हाणीत पॅड कागदात गुंडाळून, त्यावर आणखी एक पिशवी, त्यावर आणखी एक, असं चोरट्यासारखं बॅगेच्या तळाशी लपवते आहे. आंघोळ करूनही अंग स्वच्छ वाटेना.

लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी सगळं घर उजळलं. नवा रंग, नवी फरशी, दारात पणत्या. पूजा झाली. नैवेद्य दाखवला. नत्थुजी मिशा पुसत पाटावर बसले. साखरेच्या दुखण्यानं त्यांना वर्षभर गोड बंद, पण आज मैनाबाईनं डोळ्यांनीच परवानगी दिली होती. सगळ्यांनी फराळ खाल्ला.

"अनारसा पाह्य," मैनाबाई गजेंद्रला म्हणाली. "जाळी पाह्य कशी पडली! माह्या हाताखाली शिकली थे." ते ऐकून रागिणीला, खरंच सांगायचं तर, बरं वाटलं.

मग मैनाबाई काठी टेकत उठली. हातात हळदी-कुंकवाचं ताट घेतलं, प्रणालीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना मागल्या अंगणात घेऊन गेली. गुलाबी खोलीच्या दाराला तिनं कुंकवाची पाच बोटं ओढली. प्रणालीनं झेंडूचं तोरण बांधलं. खाली नवी लोखंडी खाट, नवी गादी. आत दिवा बंद केला तर भिंतीवर चांदण्या हिरव्या लुकलुकत होत्या.

"माह्या वक्ताले तरट होतं," मैनाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. "दोन बाळंतपनं सोडली तं पस्तीस वर्ष मी तिथं बसली. पावसात इंचू निघे. मनात म्हने, माह्या नातीले असं नाही होऊ देनार. माय, तुह्यासाठी केलं हे. तुये दिवस आले का राणीवानी बसजो इथं."

"कोणते दिवस?" प्रणालीनं विचारलं. "मी तर आजपासूनच झोपणार आहे इथं."

"आज नाही वो येडे. चारच दिवस राहाचं. अन् त्या दिवसात कोनाले शिवाचं नाही, देवापाशी जाचं नाही, सैपाकघरात याचं नाही. तुही आई सांगन तुले. सांग वो रागिणी, समजावून."

सगळ्यांची तोंडं रागिणीकडं वळली. गजेंद्रनं डोळ्यांनीच विनवलं, आता नको. प्रणालीच्या हातात तोरणाचा उरलेला दोरा होता, ती तो बोटाला गुंडाळत होती.

मैनाबाई रडत होती, खरंखुरं रडत होती, प्रेमानं रडत होती. रागिणीला त्या प्रेमाचीच शिसारी आली. तरट बरं होतं. तरटाला वास होता, ते तरट आहे हे कोणालाही कळत होतं. ह्या गुलाबी गोष्टीला वासही नव्हता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "धनतेरसच्या पहाटेपासून मी बाजूची आहे."

कोणाला आधी समजलंच नाही.

"गोळ्या मी फेकल्या. आज तिसरा दिवस. शेव, चिवडा, करंज्या, लाडू, अनारसे, सगळं ह्याच हातांनी केलं. पूजेचं ताटही मीच लावलं."

नत्थुजींच्या हातात अर्धा अनारसा होता. चावत चावतच ते मागं आले होते. त्यांचा जबडा थांबला. मैनाबाईचा हात तोंडावर गेला. ताट पडलं, कुंकू टाइल्सवर सांडलं. ती काठीसुद्धा न घेता मोरीकडं गेली, आणि नव्या मोरीत तिच्या ओकाऱ्यांचा आवाज घुमायला लागला. गजेंद्रनं खिशातून रुमाल काढला, तोंडातलं त्यात थुंकलं, रुमालाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

रागिणीला वाटलं होतं, बोलल्यावर मोकळं वाटेल. मोकळं काही वाटलं नाही. एक बाई तिच्या हातचं खाल्लं म्हणून ओकत होती आणि ते ऐकताना तिलाही उमासे येत होते. ज्याच्या मुलीला तिनं पोटात वाढवलं, तो माणूस खिशात थुंकी घेऊन उभा होता.

"देवाले दाखवला गा निवद!" मैनाबाई पदरानं तोंड पुसत परत आली. "लक्ष्मीले दाखवला!"

"दाखवला, आत्याबाई. तिनं काही म्हटलं नाही."

"जीभ पाह्य हिची! गजेंद्र, ते डबे बाहीर काढ."

"मी कसा काढू? शिवावं लागन ना त्याले..." गजेंद्र घुटमळला.

"मिस्तरीले देऊन टाका सारं," मैनाबाई म्हणाली. "त्याईले चालते. सुगतले फोन कर."

रागिणी आडवी आली. "नाही. आपण थुंकलेलं सुगतभाऊंच्या घरी जाणार नाही. कागदाच्या कपावर भागलं नाही का अजून?"

"मंग ठेवाचं कोठी? घरात नाही ठेवू देनार मी. पाडवा आहे उद्या."

"बाजूची खोली आहे ना," रागिणी म्हणाली. "एवढ्यासाठीच तर बांधली."

आणि तसंच झालं. बाकी कोणी शिवणार नव्हतं, म्हणून रागिणीनंच एकेक डबा उचलून नव्या खाटेवर नेऊन ठेवला. चिवड्याचा पितळी, शेवेचा, लाडवांचा. करंज्यांचा डबा प्रणालीनं उचलला.

"तू नको शिवू!" मैनाबाई ओरडली.

"मी चार खाल्ल्या पण आजी."

आत डबे ठेवल्यावर प्रणाली म्हणाली, "म्हणजे ही रूम माझी नाही." तेव्हा रागिणी खाली फरशीवर बसली आणि तिनं लेकीला सगळं सांगितलं. गोधडीचं, जर्मनच्या ताटलीचं, वरून पडणाऱ्या धारेचं. आकृती काढून सांगते तसं नाही. अडखळत, मध्ये थांबत.

"तू का बसली मग?" प्रणालीनं विचारलं.

"माहीत नाही," रागिणी म्हणाली. ते खरं होतं.

पोरीनं स्टूल ओढलं आणि भिंतीवरच्या चांदण्या नखानं काढायला सुरुवात केली. चांदणी निघायची, मागं गोंदाचा चिकट पिवळा डाग राहायचा.

पाडव्याला सकाळी घरभर गोमूत्र शिंपडलं गेलं. नव्या रंगाच्या वासात तो वास मिसळला आणि रागिणीला डोकं धरावं लागलं. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. मैनाबाईनं गुडघे धरून स्वतः स्वयंपाक केला, भात करपला. मागं पऱ्हाटीच्या ढिगातून मुंग्यांची जाड तांबडी ओळ निघाली होती, गुलाबी खोलीच्या दाराखालून आत गेली होती.

दहाच्या सुमारास मैनाबाई मागं गेली आणि तिची किंकाळी आली. रागिणी धावली.

खाटेवर नत्थुजी बसले होते. मांडीवर चिवड्याचा डबा, मिशांत शेव, गालात लाडू. धोतरावरून मुंग्या फिरत होत्या.

"तुमी! इटायाचं खाऊन राहिले!"

"काल खाल्लंच व्हतं ना," नत्थुजी लाडवातून म्हणाले. "पोटात काय थे वेगयं बसलं असन का? वायाच जाईन म्हटलं."

मैनाबाई उंबऱ्याबाहेर काठी आपटत उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला होता की रागिणीला क्षणभर भीती वाटली. "मंग आता तिथंच बसा," ती म्हणाली. "घरात पाय ठेवाचा नाही. चार दिवस. आमाले बसवलं पस्तीस वर्ष, तवा नाही बोलले कदी. आता कळू द्या."

नत्थुजी हसले. मग पाहिलं, बायको हसत नाही. त्यांनी डबा खाली ठेवला. पंचेचाळीस वर्षं ज्यांच्या नावावर घर होतं, ते घराच्या पाचव्या खोलीत पहिल्यांदा आले होते. बसले. गजेंद्र "आई, काहीतरीच काय" म्हणायला गेला आणि काठी पाहून परत फिरला.

दुपारी उन्हानं स्लॅब तापला. खोलीला खिडकी नव्हती. कागदावर कोणी काढलीच नव्हती. पंखा गरम हवा फिरवत होता, तुपाचा खवट वास फिरवत होता.

"वो रागिणी," आतून आवाज आला. "पानी दे माय."

तिनं तांब्या भरला. उंबऱ्यापाशी गेली. नत्थुजी दाराशी येऊन उकिडवे बसले आणि कोणी न सांगता त्यांनी ओंजळ केली. इतक्यांदा त्यांनी ते अंगणातून पाहिलं होतं. रागिणीचा हात खांद्याएवढा वर गेला, तांब्या कलला, धार सुटली. पाणी म्हाताऱ्याच्या ओंजळीत कमी आणि कोपरावरून जास्त गेलं. बंडी भिजली. ते ओशाळं हसले.

ते हसू पाहिलं आणि रागिणीला आपला वर गेलेला हात दिसला. ती स्वतः अजून बाजूची होती. आणि तरी हात वर गेला होता, कोणी न सांगता, अगदी बरोबर उंचीवर. सगळ्या दिवाळीत आली नव्हती एवढी किळस तिला त्या हाताची आली. ती आत शिरली, पेला भरला आणि सासऱ्याच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं.

नत्थुजी घटाघटा प्याले. पेला खाली ठेवला. "अशीच पाडे का धार थे तुमाले?"

"हो, मामाजी."

"पेताच येत नाही वो. सारं कोपरावून जाते." ते भिंतीकडं पाहत राहिले, गोंदाच्या डागांकडं, टाइल्सकडं. "हे कलर पाहून मयमयते." मग एकदम मोठ्यानं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "पोरीले इथं नाही बसवाचं! आयकलं का? मी घराचा मालक हाओ, मी सांगून राहिलो!"

स्वयंपाकघरात बांगड्या वाजत होत्या त्या थांबल्या. नकार आला नाही. थोड्या वेळानं बांगड्या पुन्हा वाजायला लागल्या, हळू.

रागिणीनं अंगणातूनच सुगतला फोन लावला.

"सुगतभाऊ, भाऊबीज झाली की या. मागचं दार बुजवायचं आहे. स्वयंपाकघरातून नवीन पाडायचं, आणि खिडकी काढायची. आणि टाइल्स उखडायच्या."

"आत्ताच तं बसवल्या मॅडम. साहेबाईले इचारलं का?"

"नाही."

"येतो. पन चहा कायच्यात देसान, थे आत्ताच सांगून ठेवा."

रागिणीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. मैनाबाई खुर्चीत पाठमोरी होती, मान ताठ, ऐकत होती.

"आमच्यासारख्याच कपात," रागिणी मोठ्यानं म्हणाली.

फोन ठेवून ती नळावर गेली आणि तो उजवा हात धुतला. साबण लावून एकदा, दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा साबण उचलला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, तीनदा हात धुवायचं मैनाबाईनंच शिकवलं होतं. तिनं साबण खाली ठेवला. हात ओलाच राहिला. पायाशी मुंग्यांची ओळ लाडवाचा कण ओढत दाराकडं चालली होती.